पाऊल पडण्याआधीचा शब्द

आधी शब्दाचा घोळ मिटवून टाकते. ‘कॉलर’ म्हटलं की आपल्याला सदऱ्याची कॉलर आठवते, फार तर मोबाइलची कॉलर ट्यून. हे पुस्तक ज्या कॉलरबद्दल आहे तो हाडामांसाचा माणूस आहे. अमेरिकेतल्या स्क्वेअर डान्समध्ये हा माणूस स्टेजवर उभा राहतो आणि संगीत चालू असताना, आता पुढे काय करायचं, ते नाचणाऱ्यांना पुकारून सांगतो. मराठी प्रतिशब्द शोधण्यात माझे दोन महिने गेले. ‘पुकारणारा’ म्हटलं की कोर्टाचा पट्टेवाला डोळ्यांपुढे येतो. ‘हाकाऱ्या’ म्हटलं की वाघाच्या शिकारीला अख्खं रान उठतं. ‘सूत्रधार’ त्यातल्या त्यात जवळचा, पण सूत्रधार नांदी आटोपून बाजूला होऊ शकतो; कॉलरला शेवटच्या ठोक्यापर्यंत सुट्टी नसते. शेवटी कॉलर तो कॉलरच राहिला.

माझी या विषयाशी गाठ पडली ती भाचीच्या मुलीमुळे. भाची कोलोरॅडो स्प्रिंग्जला असते. तिच्याकडे राहायला गेले होते तेव्हाची गोष्ट. तिची पाचवीतली मुलगी एक दिवस शाळेतून फणफणत आली. पीटीच्या तासाला स्क्वेअर डान्स शिकवतात आणि त्यात मुलांचे हात धरावे लागतात, ही तक्रार. वर्गातल्या मुलींनी त्यावर तोडगाही काढला होता: स्वेटरच्या बाह्या तळव्यांवर ओढून घ्यायच्या आणि बाहीनं बाही धरायची. पुढे मी ज्याला-त्याला विचारत गेले तसं कळलं, की अमेरिकेत वाढलेल्या आपल्या बऱ्याच मुलांनी पीटीच्या तासाला हा नाच केलेला आहे. आवडला होता असं एकानंही सांगितलं नाही, आणि ‘दो-सी-दो’ एकही जण विसरला नव्हता.

त्याच आठवड्यात भाचीनं मला एका सभागृहात नेलं. नवख्यांसाठीची संध्याकाळ होती. बहुतेक मंडळी साठीच्या पुढची. बायकांचे घेरदार झगे, पुरुषांच्या गळ्यात दोरीचे टाय. मला नुसतं बसून पाहायचं होतं. पण चौकोनाला आठ माणसं लागतात आणि एका चौकोनात सातच होती. प्रेक्षक म्हणून गेलेल्या माणसाला इथे धोका असतो तो हाच.

पहिलाच पुकारा आला, ‘अ‍ॅलमंड लेफ्ट’. शेजारच्या जोडीतल्या माणसाला डावा हात द्यायचा, त्याच्याभोवती फिरून परत यायचं. माझ्या शेजारी सत्तरीतले एक गृहस्थ होते. त्यांनी डावा हात पुढे केला, मी उजवा. प्रसाद डाव्या हातानं घ्यायचा नाही, पैसे डाव्या हातानं द्यायचे नाहीत, हे लहानपणापासून अंगात इतकं मुरलेलं, की ‘लेफ्ट’ म्हणजे डावा हे डोक्याला कळलं तरी हात काही ऐकेना. तेवढ्या एका हातापायी चौकोन मोडला आणि आठही माणसं कुणाच्या ना कुणाच्या पाठीकडे पाहत उभी राहिली. स्टेजवरच्या माणसानं ते पाहिलं. त्यानं गाणं थांबवलं नाही, आमच्याकडे बोट दाखवलं नाही. बाकीच्या चौकोनांना एक साधी गोल फेरी देऊन टाकली. ती होईपर्यंत आम्ही आपापल्या जागी पोचलो, आणि पुढचा पुकारा आला तेव्हा आठही जण तयार होतो. दुसऱ्याच्या चुका सावरून घेणारी माणसं मी आयुष्यात बरीच पाहिली आहेत. पण सावरताना इतका कमी बोभाटा करणारा माणूस पाहिला नव्हता.

हे तो कसं करतो, ते समजायला थोडं यंत्र उघडून पाहावं लागतं.

चौकोनाच्या चार बाजूंना चार जोड्या, तोंडं आत. स्टेजकडे पाठ असलेली जोडी पहिली. तिच्या उजवीकडची दुसरी, मग तिसरी, मग चौथी. प्रत्येक पुरुषाच्या उजव्या हाताला त्याची जोडीदारीण आणि डावीकडे शेजारच्या जोडीतली बाई. ती त्याची ‘कॉर्नर’. जिथून सुरुवात केली ती जागा म्हणजे ‘घर’. हा शब्द त्यांचाच आहे. संगीत मिनिटाला साधारण १२० ते १२८ ठोक्यांचं, म्हणजे सेकंदाला दोन पावलं. आता गंमत अशी, की नाचणाऱ्यांना पुढे काय येणार हे माहीत नसतं. हालचालींची नावं पाठ असतात, क्रम पाठ नसतो. क्रम फक्त कॉलरच्या डोक्यात असतो. म्हणून चालू हालचाल संपण्याच्या एक-दोन ठोके आधी पुढचं नाव कानावर पडलंच पाहिजे. उशीर झाला तर सगळे ताटकळतात; घाई झाली तर हातातली हालचाल अर्धी टाकून पुढे धावतात. कॉलरचा सगळा कारभार या एका सेकंदाच्या फटीत चालतो. शाळेच्या मैदानावर आपण ‘एक साथ... सावधान’ ऐकलेलं आहे. ‘एक साथ’ला कुणी हलत नाही, तो नुसता इशारा, टाच जुळवायची ती ‘सावधान’ला. कॉलरकडे ‘एक साथ’ म्हणायला वेळ नसतो. त्याचा इशारा आणि हुकूम एकच.

बैठकीचे दोन भाग असतात, आणि ते पाहताना मला राहून राहून कीर्तन आठवे. पहिला भाग बोलीचा, इंग्रजीत त्याला ‘पॅटर’ म्हणतात. पूर्वरंगासारखा, बुद्धीला काम देणारा: कॉलर मनात येईल तशी गुंफण करतो, नाचणाऱ्यांना गुंतवतो आणि सोडवतो. पुकाऱ्यांमधली रिकामी जागा भरायला कोंबड्या, कुंपणं, सासुरवाड्या असल्या विषयांवरची यमकं. उखाण्यासारखीच त्यांची जात, अर्थापेक्षा ठेका महत्त्वाचा. दुसरा भाग गाण्याचा. कॉलर एखादं लोकप्रिय गाणं गातो आणि ओळींच्या जागी पुकारे बसवतो. गाणं चौसष्ट ठोक्यांच्या सात आवर्तनांत बसतं, म्हणजे जेमतेम साडेतीन मिनिटं. त्यातल्या चार आवर्तनांत मुख्य रचना येते. दर खेपेला बाई एक घर पुढे सरकते, नव्या जोडीदाराबरोबर नाचते, आणि चौथ्या खेपेला फिरून आपल्या मूळ जोडीदारापाशी येते. साधं गणित आहे, पण ते जमून येतं त्या क्षणी सभागृहात जी आरोळी उठते ती गणिताची नसते.

पहिल्या भागात मात्र पाठांतर उपयोगाचं नाही. मुरलेला कॉलर एक-दोन चौकोन नजरेत धरतो, त्यातली कोण कुणाची जोडी एवढं लक्षात ठेवतो, मग सगळ्यांना मनसोक्त विस्कटतो आणि नजरेनं माग काढत त्यांना घरी आणून सोडतो. घरी सराव करताना बरेच कॉलर टेबलावर सोंगट्या किंवा बाहुल्या मांडून बसतात. बायकोनं स्वयंपाकघरातून ‘जेवायला या’ म्हणून हाक मारावी आणि नवऱ्यानं तिसऱ्या जोडीला वाटेत सोडून यावं, असे प्रसंग त्या घरांत होत असणारच.

हे पुस्तक ज्यांच्यावर आहे त्या कॉलरचं नाव लॉइड शॉ. त्यांच्यावरच मी का लिहिलं, हे आता सांगते. त्यांच्यापेक्षा गोड गळ्याचे कॉलर होऊन गेले, चपळ डोक्याचेही झाले. शॉ मुळात शिक्षक. जन्म १८९० चा, डेन्व्हरमधला. आधी जीवशास्त्र आणि इंग्रजी शिकवत. १९१६ मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या कडेला, शायेन माउंटन नावाच्या डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या शाळेचे प्रमुख झाले आणि १९५१ पर्यंत तिथेच राहिले. पस्तीस वर्षं एक शाळा. (या डोंगराचं नाव आज जगाला माहीत आहे ते त्याच्या पोटात खोदलेल्या लष्करी तळामुळे. अणुयुद्ध झालं तरी चालू राहावा असा तो तळ, आणि त्याच डोंगराखाली पोरं हात धरून गोल फिरत होती.) विद्यार्थी, शिष्य, सगळे त्यांना ‘पॅपी’ म्हणत.

पॅपींनी एक गोष्ट केली जी अमेरिकेतल्या हेडमास्तराला परवडणारी नसते: शाळेचं फुटबॉल बंद केलं. आपल्याकडे एखाद्या गावच्या शाळेनं क्रिकेट बंद करून टाकलं तर काय होईल, याची कल्पना करा. त्याजागी त्यांनी बर्फावरचं स्कीइंग आणलं, घोडेस्वारीचे खेळ आणले, आणि नाच आणला. सुरुवातीला युरोपातली लोकनृत्यं, पुस्तकांवरून. मग लक्षात आलं, की भोवतालच्या डोंगराळ मुलखात, गुरांच्या कुरणांवर, अजून एक नाच जिवंत आहे आणि तो कुठल्याच पुस्तकात नाही. म्हातारे गुराखी, म्हातारे फिडलवादक, म्हातारे कॉलर. प्रत्येकाचे पुकारे वेगळे, प्रत्येकाची यमकं वेगळी. शॉ त्यांच्याकडे गेले, ऐकलं, उतरवून घेतलं, ताडून पाहिलं. वनस्पती गोळा करणाऱ्याची चिकाटी त्यांच्याकडे होतीच. १९३९ मध्ये ‘काउबॉय डान्सेस’ हे पुस्तक निघालं, आयडाहो राज्यातल्या कॅक्स्टन प्रिंटर्सकडून. त्याला प्रस्तावना होती ‘वाइन्सबर्ग, ओहायो’ लिहिणाऱ्या शेरवूड अँडरसनची. नाचाच्या पुस्तकाला कथाकाराची प्रस्तावना. तो दर्जा माझ्या या पानांना नाही, पण परंपरा तीच आहे एवढं मनाशी म्हणून घेते.

त्या पुस्तकाची खरी करामत मांडणीत आहे. एका बाजूला कॉलर काय बोलतो ते, आणि मग त्या बोलावर पायांनी काय करायचं ते. वाचायला सोपं दिसतं. पण आजोबांकडून नातवाकडे जाणारा नाच आता टपालानं जाऊ शकत होता. कॅन्सासमधली शिक्षिका पुस्तक समोर ठेवून मुलांना उभं करू शकत होती. नुसतं पुस्तकावर भागत नाही हेही शॉ ओळखून होते. त्यांनी शाळेतल्या मुलामुलींचं पथक बांधलं, शायेन माउंटन डान्सर्स, आणि १९३० च्या दशकाच्या शेवटापासून ते पथक देशभर फिरवलं. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पायांना पटत नाही. मग दर उन्हाळ्यात शाळेतच मोठ्यांचे वर्ग सुरू झाले. देशभरातून शिक्षक, व्यायामशिक्षक, हौशी कॉलर येत आणि परत जाताना आपापल्या गावी हे बी नेत. १९४६ च्या ‘ड्युएल इन द सन’ या ग्रेगरी पेकच्या चित्रपटातले समूहनाच शॉ यांनी बसवले आहेत. बॉब ऑसगुड हे त्यांच्या शिष्यवर्गातलं मोठं नाव. कॅलिफोर्नियातून त्यांनी १९४८ मध्ये ‘सेट्स इन ऑर्डर’ मासिक काढलं आणि ते पुढे १९८५ पर्यंत चालवलं. १९५० मध्ये सांता मोनिकात रस्ता अडवून स्क्वेअर डान्स झाला तेव्हा सुमारे पंधरा हजार माणसं एका वेळी नाचली. पॅपींची पेरणी आणि लाउडस्पीकरची कृपा. लाउडस्पीकरला कमी लेखू नये. त्याआधी कॉलरचा आवाज पोचेल तेवढाच नाच मोठा होऊ शकत असे.

इथवर लिहून थांबले असते तर हे पुस्तक आरतीसंग्रहात गेलं असतं. पण पॅपींच्या पुस्तकात या नाचाचा जो वंशवृक्ष आहे, त्याची एक मोठी फांदी गायब आहे. ती फांदी दाखवल्याशिवाय कॉलर हा प्राणी आला कुठून, याचं उत्तर मिळत नाही.

फ्रान्समधल्या कोटिलियन आणि क्वाड्रिल या चौकोनी नाचांत कॉलर नव्हता. नृत्यमास्तर घरी येऊन रचना शिकवत, लोक पाठ करत, आणि मग समारंभात नाचत. (याच घराण्याची कॉन्ट्राडान्सची शाखा पोर्तुगीजांबरोबर गोव्यात पोचली. मांडो नाचताना स्त्री-पुरुष समोरासमोर दोन ओळींत उभे राहतात, त्यात तिची खूण आहे.) अमेरिकेच्या दक्षिणेत या नाचांना संगीत देणारे फिडलवादक मोठ्या संख्येनं कृष्णवर्णीय होते, गुलामगिरीत असलेले. पाहुण्यांना रचना पाठ नसत. वादकाला सगळ्या पाठ असत. वाजवता वाजवता तोच ओरडून सांगू लागला. हाक आणि ओ, एकानं म्हणायचं आणि बाकीच्यांनी झेलायचं, ही आफ्रिकी संगीताची सवय त्याच्या कानात होतीच. फिल जेमिसन यांनी २०१५ च्या ‘होडाउन्स, रील्स अँड फ्रॉलिक्स’ या पुस्तकात ही सगळी कहाणी जुन्या नोंदींमधून उकरून काढली आहे. आणि त्याच्या जवळजवळ शंभर वर्षं आधी, १९१७ मध्ये, इंग्लंडहून आलेल्या सेसिल शार्प यांनी केंटकीच्या डोंगरात हा नाच पाहिला आणि ते भारावले: त्यांना वाटलं, प्राचीन इंग्लंड इथे जसंच्या तसं जपून ठेवलंय. कानावर पडत असलेल्या पुकाऱ्याचा उगम इंग्लंडमध्ये सापडत नाही, हा प्रश्न त्यांनी सोडून दिला. विद्वानांचं असं होतं. शोधायला निघालेली गोष्ट त्यांना सापडतेच.

मग हेन्री फोर्ड. मोटारीवाले. त्यांनी बेंजामिन लव्हेट नावाच्या नृत्यमास्तराला पदरी ठेवलं, १९२६ मध्ये ‘गुड मॉर्निंग’ हे जुन्या नाचांचं पुस्तक काढलं, मिशिगनमध्ये डिअरबॉर्नला लव्हेट यांच्या नावानं भव्य नृत्यशाळाच बांधली. पैसा ओतला, नाच वाचला, हे खरं. पण का वाचवला? फोर्ड यांना जॅझचा तिटकारा होता, आणि त्यांच्या मालकीचं वर्तमानपत्र जॅझच्या ‘बिघाडा’चं खापर ज्यूंवर फोडत होतं. जुने, ‘स्वच्छ’ नाच हा त्यावरचा उतारा. म्हणजे कृष्णवर्णीय वादकांनी ज्याला बोलतं केलं तो नाच, कृष्णवर्णीयांच्याच नव्या संगीतापासून देशाला वाचवण्यासाठी वापरायचा. १९८२ मध्ये अमेरिकी काँग्रेसनं स्क्वेअर डान्सला दोन वर्षांपुरतं राष्ट्रीय लोकनृत्य ठरवलं, १९९२ मध्ये कोलोरॅडोनं राज्याचं लोकनृत्य केलं. या सन्मानांमागे तो फिडलवादक कुठेतरी अंधारात वाजवत उभा आहे.

शॉ फोर्ड यांच्या पंगतीतले नव्हते. पैशांनी नव्हते, मनानंही नव्हते. पण त्यांनी रंगवलेला गोरा काउबॉय सोयीचा होता, आणि सोयीची चित्रं लवकर पसरतात. पुस्तकाच्या चौथ्या प्रकरणात मी यावर सविस्तर भांडले आहे.

दुसरं भांडण शॉ यांचं स्वतःचं आहे, आपल्याच यशाशी. त्यांना हवा होता शेजाऱ्यांचा नाच: नवखा माणूस आला, दोन गोष्टी सांगितल्या, नाचायला लागला. पण शिष्य हुशार निघाले. नव्या हालचाली निघाल्या, त्यांची नावं निघाली, कोडी अवघड होत गेली आणि कोडी सोडवणाऱ्यांचे क्लब झाले. सर्वांना एकच भाषा असावी म्हणून १९७१ मध्ये कॉलरांची ‘कॉलरलॅब’ ही संघटना उभी राहिली. तिच्या सुरुवातीच्या पायऱ्यांच्या यादीतच आज सत्तरच्या आसपास पुकारे आहेत. ते शिकायला महिनोन्‌महिने वर्ग करावे लागतात. त्याचा एक फायदा विलक्षण आहे. पुकारे जगभर इंग्रजीतच असतात, त्यामुळे जर्मनीतला नाचणारा जपानमध्ये जाऊन, एकमेकांची भाषा न कळता, निर्धास्त चौकोनात उभा राहू शकतो. जपानला हा नाच १९४६ मध्ये नागासाकीत पोचला. विनफील्ड निब्लो नावाच्या अमेरिकन शिक्षणाधिकाऱ्यानं तो आणला, बॉम्ब पडून एक वर्ष झालं होतं त्या शहरात. त्या एका वाक्यावर वेगळं पुस्तक व्हावं. तोटाही तितकाच उघड आहे: सहज चालत आलेल्या माणसाला आता आत शिरायला फट उरलेली नाही, आणि क्लबांतली माणसं वयानं वाढत चालली आहेत. १९५८ मध्ये शॉ गेले तोवर ही दिशा दिसायला लागली होती. वाळवून, चिकटवून, नाव लिहून ठेवलेली वनस्पती टिकते. बी मात्र धरत नाही. जीवशास्त्राच्या मास्तरांना हे कळलं नसेल असं कसं म्हणावं? त्यांच्या नावाची प्रतिष्ठान-संस्था १९६४ मध्ये निघाली ती साध्या, सगळ्यांना नाचता येतील अशा नाचांचा पक्ष घेऊनच.

मजकुराबद्दल थोडंसं. पुकाऱ्यांची नावं मी जशीच्या तशी ठेवली आहेत. ‘दो-सी-दो’ हे मुळात फ्रेंच, ‘पाठीला पाठ’; ‘सशे’ म्हणजे फ्रेंच ‘शासे’चा अमेरिकेत झालेला चुरा. अपभ्रंशाचा अनुवाद करायला गेलं की दोन्हीकडून हसं होतं. जुन्या कॉलरांची यमकं मराठीत आणायचा मोह झाला होता, तो आवरला. शेवटच्या प्रकरणात एक सोपी रचना दिली आहे. तिला आठ माणसं आणि हॉलमधलं सामान भिंतीला लावायची तयारी, एवढंच लागतं.

गेल्या कोजागिरीला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर ती करून पाहिली. सात जण जमले, आठवा म्हणून वॉचमनला वर बोलावलं. तो साताऱ्याकडचा, गावच्या लेझीमपथकात वाढलेला. पुकारायला मी, हातात कागद. पहिल्या फेरीत सगळी मंडळी वेगवेगळ्या कठड्यांना जाऊन थांबली. दुसऱ्या फेरीत वॉचमन म्हणाला, “मॅडम, पाय पडल्यावर काय सांगताय? आधी सांगा की.” तिसऱ्या खेपेला मी कागद घडी करून ठेवला, ठेका मोजला आणि दोन ठोके आधी ‘अ‍ॅलमंड लेफ्ट’ म्हणाले. आठांपैकी पाच जणांनी उजवा हात पुढे केला. तेवढ्यात शेगडीवरचं मसाला दूध उतू जायला लागलं, आणि चौकोन सोडून सगळे तिकडे धावले.